गाळलेली एकतीस वाक्यं

प्रिय धाकटोबा,

या हाकेनं हसू आलं असेल तर हसून घे, पुढे फारशी संधी नाही. पत्र लिहायची वेळ आली कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. तसं तू कधीच अडवत नाहीस म्हणा. 'बोल ना ताई' असंच म्हणतोस. मग माझ्या दुसऱ्या वाक्याला तुझ्याकडे कुणीतरी येतं, तिसऱ्याला तू विनोद करतोस आणि चौथं मी पोटात घालून फोन ठेवते. कागदाशी तुला तसं करता येणार नाही. फार तर घडी घालून खिशात टाकशील, पण तेही करणार नाहीस, कारण हे आईच्या आवाजाबद्दल आहे.

त्या पेनड्राइव्हची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे आणि तीही तू चारचौघांत सांगतोस ती. 'ताईनं सगळं उडवलं.' मावशीचा मला सांत्वनाचा फोन आला तेव्हा कळलं, की ही बातमी माझ्याआधी तिच्यापर्यंत पोचली आहे. तर आता माझी बाजू ऐक. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, की आईचे आधी हात जातील, मग जीभ जाईल, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील. तेव्हा तू आठ दिवसांची रजा काढून आलास. मागच्या खोलीत लॅपटॉप आणि मायक्रोफोन मांडून बसलास आणि तिची वाक्यं तिच्याच आवाजात रेकॉर्ड केलीस. पुढे बोलणं गेलं की टॅबवर ही वाक्यं एकामागून एक उजळतील, हवं ते उजळलं की तिनं गुडघ्याशी लावलेलं गोल बटण दाबायचं आणि टॅब तिच्या आवाजात बोलेल, ही युक्ती तू शोधून काढलीस. त्याबद्दल मी तुला नावं ठेवणार नाही. त्या आठ दिवसांत मी तुझा अभिमान बाळगला, चष्म्याच्या दुकानातल्या सगळ्यांना सांगितलं, की माझ्या भावानं आईचा आवाज वाचवला.

सव्वीस वर्षं बसस्थानकावर घोषणा करणारी बाई ती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, हे अख्ख्या गावानं तिच्या आवाजात ऐकलेलं. आपण शाळेतून सुटून तिच्या त्या काचेच्या खोलीबाहेर बसायचो आणि ती प्रत्येक घोषणा दोनदा करायची, तेव्हा तू तिची नक्कल करायचास. रेकॉर्डिंगलाही ती सवयीनं प्रत्येक वाक्य दोनदाच म्हणाली. तुझ्या लॅपटॉपमध्ये जागा नव्हती म्हणून तू ते सगळं थेट पेनड्राइव्हवर घेतलंस, दुबार वाक्यं गाळलीस, एकशे अठ्ठ्याऐंशी वाक्यांची पानं करून टॅबवर चढवलीस आणि पेनड्राइव्ह शोकेसमधल्या वाटीत ठेवून गेलास. 'एक प्रत माझ्याकडेही आहे,' म्हणालास. ती कुठे आहे हे तुला अजून आठवलेलं नाही. महिन्याभरातच आईचं बोलणं गेलं.

दोन महिन्यांपूर्वी टॅबची बॅटरी फुगून पडदा उचकटला. नवा आणला, मी पेनड्राइव्ह तू इथं ठेवून गेलेल्या जुन्या लॅपटॉपला लावला, तर तो म्हणतो, ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? मी तुला फोन केला. उंटावरून शेळ्या हाकणं तुला छान जमतं. तू मीटिंगमध्ये होतास, दबक्या आवाजात म्हणालास, 'काही विचारलं तर हो म्हण.' मी हो म्हटलं. पेनड्राइव्ह रिकामा झाला. संध्याकाळी तूच मला विचारलंस, की फॉरमॅटला कुणी हो म्हणतं का, एवढं साधं कळत नाही का? मी चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी बाई. मला मिलिमीटर कळतो. फॉरमॅट कळत नव्हतं, म्हणून तर तुला विचारलं होतं.

तू म्हणालास, जाऊ दे, टॅबमध्ये यंत्राचा तयार आवाज असतो, तोच लाव. लावला. ती यांत्रिक बाई प्रत्येक शब्दाला दचकल्यासारखी बोलते. आईनं 'पाणी' एकदा तिच्या तोंडून ऐकलं, डोळे मिटले आणि पुन्हा बटणाला गुडघा लावला नाही. अकरा दिवस. तहान लागली तरी नाही. मी पेला दाखवायची, ती डोळे मिटून हो म्हणायची, छताकडे बघून नाही म्हणायची, एवढंच काय ते बोलणं. डॉक्टर म्हणाले, तिची इच्छा संपत चालली तर आमच्या हातात काही नाही. म्हणून मी तो पेनड्राइव्ह घेऊन बाहेर पडले. तुला हौस वाटली असेल, मला दुसरा रस्ताच नव्हता.

चाव्या बनवणाऱ्याच्या माडीवर एक बाई बसतात, बिघडलेल्या डिस्कांमधून माहिती काढून देतात. त्या इमारतीत सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतात. खोली एवढीशी, भिंतीला पंखे लावून गार ठेवलेले चार संगणक आणि बाईंच्या चष्म्याच्या काडीत स्क्रूऐवजी टाचणी. मी आधी पर्समधला स्क्रू काढून त्यांची काडी बसवून दिली, मग बोलणं सुरू झालं. मी सांगितलं, माझ्या हातून फॉरमॅट झालं. त्यांनी पेनड्राइव्ह लावून पाहिला आणि म्हणाल्या, फॉरमॅटनं विशेष काही बिघडलेलं नाही, हा आधीच आजारी होता, कुणीतरी फाइल चढत असतानाच उपटून काढलाय. शेवटची फाइल त्यांनी मला दाखवली. तुझ्या मुलीचा फोटो, केसांपासून नाकापर्यंत, खाली नुसता राखाडी पट्टा. गेल्या खेपेला टॅक्सी खाली हॉर्न वाजवत होती आणि तू घाईघाईत आईसाठी फोटो टाकत होतास, तो दिवस. म्हणजे उडवलं कुणी, हे आता मावशीला कळवायला हरकत नाही. मी कळवणार नाही. तू कळव.

बाईंची कामाची शिस्त मला आवडली. मूळ वस्तूला हात लावायचा नाही, आधी तिची जशीच्या तशी नक्कल उतरवायची आणि जे काय करायचं ते नकलेवर. गिऱ्हाइकाच्या फाइली ऐकत बसायचं नाही, वाजतात की नाही एवढंच सुरुवातीला क्षणभर पाहायचं. चौथ्या दिवशी त्यांनी बोलावलं. म्हणाल्या, 'नावं गेली, आवाज आहेत.' फाइलींची नावं आणि पानांची रचना पुसली गेली होती, उरले होते नुसते आकडे. चारशे एकतीस. मी म्हटलं, आमची तर एकशे अठ्ठ्याऐंशी होती. तेव्हा त्यांनी समजावलं, की आपण काढून टाकतो तेव्हा फक्त नाव जातं, वस्तू जागच्या जागी राहते, तिच्यावर दुसरं काही चढेपर्यंत. पेनड्राइव्ह मोठा आणि भरलेलं थोडं, त्यामुळे तू गाळलेलं सगळं वर आलं होतं. ठेवू की गाळू, असं त्यांनी विचारलं. माझ्या तोंडावर 'गाळा' आलं होतं. तूच गाळलंय म्हणजे कचराच असणार, इतका माझा तुझ्यावर विश्वास. पण एकदा हो म्हणून तोंड पोळलं होतं, म्हणून म्हटलं, राहू द्या.

मग दुपारची कामं आटोपली, की मी स्वयंपाकघरात कानाला हेडफोन लावून बसायची. एकेक आवाज ऐकायचा, वहीत आकडा मांडायचा, पुढे वाक्य लिहायचं. पाणी. कूस बदल. पंखा कमी कर. तिथं नाही, जरा खाली. लवकर ये. किती वेळ? हे 'किती वेळ' ऐकताच माझे खांदे आपोआप आखडले, बघ. चार वर्षं मी ते ऐकलंय. आंघोळीला गेले तरी किती वेळ, भाजीला गेले तरी किती वेळ, आणि तेही फलाटावरच्या त्या खणखणीत आवाजात. एकदा मी ते बटण तिच्या गुडघ्यापासून हातभर लांब सरकवलं आणि एक अख्खी दुपार तसंच ठेवलं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, तुला सांगतेय. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी काचा पुसत राहिले.

आणि तुझं पान आठवतं? वर तुझा हसरा फोटो. कसा आहेस रे राजा? जेवलास का? मुलं काय म्हणतात? दमू नकोस फार. जपून राहा. आणि सगळ्यात पहिलं, 'मी इथं मजेत आहे.' दर रविवारी तुझा व्हिडिओ कॉल आला, की तू विचारायचास, मजेत ना आई? आणि आई ते पहिलं वाक्य दाबायची. तुझा फोन संपला, की मला 'चादर'. मला राग यायचा, हेवा वाटायचा, पन्नाशीची बाई भावाच्या पानावर जळायची. पण त्या एका वाक्यावर मी तगून होते. मनाशी म्हणायची, आपल्याला गोड बोलत नसेल, पण इथं मजेत आहे असं तर म्हणते. माझ्या चार वर्षांची पावती होती ती.

गाळलेल्यांत दोनशे बारा तर दुबार वाक्यं, खोकले, घसा खाकरणं. उरली एकतीस. ती दुबार नव्हती. एकेकच होती, कारण दुसऱ्यांदा म्हणायच्या आत तू तिला थांबवत होतास. 'तू जेवलीस का?' जेवलास नाही रे, जेवलीस. 'आज जरा बाहेर फिरून ये.' 'झोप आता, मी बरी आहे.' 'हा रंग तुला शोभतो.' 'मघाशी चिडले, चुकलं माझं.' एकोणीस वाक्यं माझी होती. मी पुन्हा पुन्हा मोजली. त्यातल्या एकाच्या शेवटी तुझाही आवाज आलाय. आई म्हणते, 'दमलीस ना, बस माझ्याजवळ.' आणि तू म्हणतोस, 'अगं, हे ताईला कशाला? ती तर इथंच असते, तिला न बोलता कळतं. तू कामाचं बोल.' आणि आई म्हणते, 'बरं.'

मला न बोलता कळतं. धाकट्या, मला काहीसुद्धा कळलं नाही. चार वर्षं मला वाटत होतं, की आईला माझ्याशी फक्त कामाचंच बोलायचंय. ज्या बाईला आपण हौसेनं सांभाळतो तिच्या मनात आपल्यासाठी एक गोड शब्द नाही, असं समजून मी तिचं अंग पुसत होते. तू दुष्टपणानं केलं नाहीस, हे मला माहीत आहे. तुला फक्त पानं सुटसुटीत हवी होती. दुष्टपणा असता तर मला निदान भांडता आलं असतं.

उरलेल्या बारांत तुझ्या लहानपणीचे काही किस्से आहेत, एक अर्धवट अंगाई आहे आणि एक वाक्य आहे. 'मला तुझ्याकडे घेऊन चल.' खुर्ची सरकल्याचा आवाज. मग तू म्हणतोस, 'हे राहू दे, आई. चुकून दाबलं गेलं तर ताईला वाईट वाटेल.' ती विचारते, 'मग काय म्हणू?' आणि तू तिला सांगतोस, 'म्हण, मी इथं मजेत आहे.'

मी हेडफोन काढून ओट्यावर ठेवला. आधी तुझा राग आला. मग आईचा आला, तुझ्यापेक्षा जास्त. माझ्या घरातून निघायचं होतं तिला, आणि मी तिच्या मजेत असण्याच्या जिवावर जगत होते. मग मी काय केलं असेल? जुन्या वाक्यांबरोबर ही तीस नव्या टॅबवर चढवली आणि एकतिसावं वगळलं. तुझीच बहीण मी, रक्त सांगतंच. तुझं तरी आठ दिवसांच्या घाईत झालं होतं, मी शुद्धीत, पूर्ण विचार करून केलं.

तिच्या आवाजातलं 'पाणी' ऐकल्यावर आईनं जे डोळे उघडले ते मी विसरणार नाही. मग मी तिच्यासमोर ते नवं पान उघडलं. एकेक वाक्य उजळत गेलं, ती बघत गेली आणि एका वाक्याशी तिनं गुडघा हलवला. 'मघाशी चिडले, चुकलं माझं.' मघाशी ती चिडली नव्हती. इतके दिवस मुकी पडून होती. ते कुठल्या दिवसाचं होतं, त्या बटण सरकवलेल्या दुपारचं की आणखी कुठलं, मला ठाऊक नाही. मी तिच्या पायाशी बसून रडले आणि माझंही चुकलं म्हणाले. तिनं पुन्हा तेच दाबलं. घोषणा दोनदा करायचीच, सवय जात नाही.

त्यानंतर मात्र ते वगळलेलं वाक्य मला गिळवेना. दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी तिच्यासमोर जाऊन सांगून टाकलं, की आई, एक वाक्य मी ठेवून घेतलंय, आणि ते तिला ऐकवलं. विचारलं, अजून हवंय का हे? तिनं डोळे मिटले. मी विचारलं, माझी सुटका व्हावी म्हणून ना? डोळे मिटले. मला तिथंच थांबता आलं असतं, बरं वाटलं असतं. पण विचारलं, की तुला त्याच्याजवळ राहायचंय म्हणून? तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले. दोन्ही खरं होतं. होकार-नकाराचे किती प्रश्न मी चार वर्षांत तिला विचारले असतील. सगळे पाण्याचे, उशीचे. हा एक कधी सुचला नाही, कदाचित उत्तर नको होतं म्हणून.

गेल्या रविवारी तुझा कॉल आला. पान तुझंच होतं, फोटोही तोच, फक्त पहिलं वाक्य मी बदललं होतं. तू विचारलंस, मजेत ना आई? आणि आईनं दाबलं, 'मला तुझ्याकडे घेऊन चल.' तुझा चेहरा मी बाजूनं बघत होते, तुला मी दिसत नव्हते. तिनं दुसऱ्यांदा दाबलं. तू म्हणालास, 'आई, आवाज तुटतोय, नेटवर्क नाहीये,' आणि कॉल बंद झाला. आवाज तुटत नव्हता, धाकट्या. सव्वीस वर्षं लोकांच्या गाड्या चुकू न देणारा तो आवाज आहे, आणि त्या काळात इतका स्वच्छ तो कधीच लागला नव्हता. तुझा फोन पुन्हा आला नाही. संध्याकाळी 'सगळं ठीक ना' असा मेसेज आला आणि अंगठा. आईनं त्या दिवशी पाणीही मागितलं नाही.

म्हणून हे पत्र टपालानं पाठवलं नाही. ज्यानं ते तुझ्या हातात दिलं आणि अजून दारात उभा आहे, तो रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर आहे. आई खाली गाडीत आहे आणि मी तिच्या उशाशी. डॉक्टरांना विचारलंय, पाच तास आडवं नेलं तर चालेल म्हणाले. आईलाही विचारलंय. तुझ्या बायकोला मी मंगळवारीच फोन केला होता. ती म्हणाली, पुढची खोली रिकामी करते. खोलीला रंग द्यायचाय असं तिनं तुला सांगितलं असेल, तो रंग हाच. मी आठ दिवस राहीन. कूस कशी बदलायची, घास किती पातळ करायचा, बटण गुडघ्याच्या कुठल्या बाजूला लावायचं, हे दोघांना शिकवीन आणि घरी जाईन. तिथं गेल्यावर त्या रिकाम्या पलंगाशी मी काय करणार आहे, हे मला ठाऊक नाही, आणि तो तुझा प्रश्नही नाही. आज मुद्दाम सुटीचा दिवस निवडला, मीटिंग नसेल. तुमच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, असं ड्रायव्हर आत्ताच बघून येऊन म्हणतो. जिन्यानं न्यायला दोन माणसं लागतात आणि तो एकटा आहे. चपला घाल आणि खाली ये.

तुझीच,
ताई